‘गाठी विरघळल्या की मूल’: ग्रुपवर फिरणाऱ्या मेसेजला माझं उत्तर

गणपती जवळ आले की आमच्या बचतगटाच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा येतो. यंदा एकीने तो माझं नाव घालून टाकला, मला उपयोगी पडेल म्हणून. त्यात लिहिलंय की पीसीओडी म्हणजे अंडाशयातल्या गाठी, त्या असेपर्यंत मूल होत नाही, डॉक्टरांच्या गोळ्यांनी गर्भाशय खराब होतं, म्हणून भात-मासे सोडून तीन महिने काढा घ्यावा, पाळी नाही आली तरी घाबरू नये. मी मालवणात राहते. लग्नाला चार वर्षं झाली, मला पीसीओडी आहे आणि आम्हाला मूल हवंय. गप्प राहिले तर हाच मेसेज उद्या माझ्या धाकट्या नणंदेकडे जाईल.

आधी गाठींचं. सोनोग्राफीत अंडाशयाच्या कडेने जे काळे ठिपके दिसतात ती अर्धवट वाढून थांबलेली बीजकोषं, म्हणजे अंडं जिच्यात वाढतं ती बारीक पिशवी, असतात, २ ते ९ मिलिमीटरची. ती प्रत्येक बाईत असतात, आमच्यात जास्त असतात. पुरुषी संप्रेरकं आणि इन्सुलिन यांचा तोल बिघडल्यामुळे ती पुढे वाढत नाहीत. त्यामुळे काढ्याने विरघळायला तिथे गाठच नाही. हा आजार दुर्मीळही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या १०० बायकांपैकी १० ते १३ जणींना तो असतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणींना ते माहीतही नसतं.

मूल होत नाही, हे त्या मेसेजमधलं सगळ्यात क्रूर वाक्य. अंडं दर महिन्याला फुटत नाही, एवढंच खरं आहे. ते फुटावं म्हणून औषध आहे, लेट्रोझोल. २०१४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पीसीओडीच्या ७५० बायकांना जास्तीत जास्त पाच पाळीचक्रं औषध दिलं. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना बाळ झालं, क्लोमिफेन या जुन्या औषधावर १९.१ टक्के जणींना. म्हणजे त्या पाच चक्रांत बहुतेकींना झालं नाही, हेही मी लपवणार नाही. पण ‘होत नाही’ आणि ‘वेळ लागेल’ यांत एका बाईचं अख्खं आयुष्य मावतं.

हेच औषध माझ्या घरी आलं तेव्हा दिराने आतला कागद वाचला. सासूबाई म्हणाल्या, “ह्या कॅन्सराचा औषद मा? मगे तुका कित्याक दिल्यानी?” त्यांची भीती खोटी नव्हती. लेट्रोझोल मुळात स्तनाच्या कर्करोगासाठी आलं. २०११ मध्ये आपल्या सरकारने वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर बंदीही घातली होती, ती २०१७ मध्ये उठली. बाळात दोष येतात ही शंका पुढच्या अभ्यासांत टिकली नाही. आज पीसीओडीत अंडं फुटण्यासाठी जगभर पहिलं नाव त्याचंच घेतात. मात्र ते डॉक्टरांच्या नजरेखाली, सोनोग्राफी करत घ्यायचं असतं. मैत्रिणीच्या चिठ्ठीवर नाही.

भात-माशांबद्दल फार बोलत नाही. पीसीओडीसाठी अमुकच आहार सरस, असं कुठे सिद्ध झालेलं नाही. वजन जास्त असेल तर ते थोडं उतरलं तरी पाळी सुधारू शकते, म्हणून मी भाताचं ताट लहान केलं, नाचणीची भाकरी वाढवली. बांगडा सोडलेला नाही. आणि बारीक अंगाच्या मुलींनाही पीसीओडी होतो. त्यांना ‘जरा वजन कमी कर’ सांगून काय साधतं?

मला खरा राग आहे तो ‘पाळी नाही आली तरी घाबरू नका’ यावर. पाळी तीन महिन्यांच्या वर लांबली की गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर त्यात कर्करोगाचा धोका वाढतो. शिवाय ज्यांची पाळी नियमित आहे त्यांनी वर्षभर प्रयत्न करून डॉक्टरकडे जावं, असं सांगतात. आमच्यासारख्यांनी वर्षभर थांबायचंच नसतं. मी ऐकून थांबले. दीड वर्ष काढे प्याले. थायरॉइड आणि साखर तपासायलाही तोवर कुणी सांगितलं नव्हतं. साखर तर दिवस राहण्याआधी आणि राहिल्यावरही तपासावी लागते, कारण आम्हाला गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त असतो.

आणि मेसेजमध्ये नवऱ्याचा शब्दही नाही. आमच्याकडे निम्म्या घरांतला नवरा मुंबईला. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आठ दिवस. आमचं अंडं कधी फुटेल याचा नेम नाही, आणि तो घरी असेल त्या दिवसांतच फुटावं ही अपेक्षा. मग गौरीच्या ओवशाला सगळ्या बायका माझ्या पोटाकडे बघतात. वीर्यतपासणी साधी आणि स्वस्त असते, अहवालही लवकर मिळतो. वर मी सांगितलेल्या चाचणीतही नवऱ्यांची तपासणी आधीच झाली होती. आमच्याकडे ती तीन वर्षांनी झाली, तीही मी हट्ट धरला म्हणून. त्याचा अहवाल चांगला आला. वाईट आला असता तरी मी ग्रुपवर त्याचं नाव घातलं नसतं.

बुधवारी माझी पाळीच्या अकराव्या दिवसाची सोनोग्राफी आहे. या खेपेला त्याने रजा गणपतीची न घेता या आठवड्याची घेतली आहे. मंगळवारच्या तुतारी एक्स्प्रेसने तो कुडाळला उतरेल.