दार उघडलं का?

सांगलीहून पुण्याला परत निघालेय, गाडीतच टाइप करतेय. चुका पोटात घाला.

आज घरातला साखरपुडा होता. पानात जिलबी पडली आणि आमच्या दादाने भर पंगतीत आपल्या पोरीला सुनावलं, "आधी इंजिनिअरिंग कर. मग काय ती नाटकं कर. डॉक्टर लागू नव्हते का आधी डॉक्टर?" पोरगी बारावीला. तिला पुण्याच्या ललित कला केंद्रात नाटक शिकायचंय. तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

दरवेळी श्रीराम लागू! नाहीतर मोहन आगाशे, नाहीतर जब्बार पटेल, म्हणजे डॉक्टर असलेले नाटकवाले. अरे, लागूंनी चाळिशी उलटल्यावर प्रॅक्टिस सोडली, १९६९ साली, नाटकासाठी. गोष्टीचा हा अर्धा भाग बरा विसरता तुम्ही.

आणि हे कुठे? सांगलीत! जिथे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक उभं केलं. पाच नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनाला, ह्याच दादाचं स्टेटस असतं, 'आमची नाट्यपंढरी'. पंढरी हवी, पण वारकरी शेजारच्या घरातला.

आमचे आप्पा एसटीत कंडक्टर. राज्य नाट्य स्पर्धेत भावे नाट्यमंदिरात आमचं नाटक होतं, मी तेव्हा वीस वर्षांची. आप्पा खाकीतच आले, दाराशी उभं राहून पहिला अंक बघितला आणि मध्यंतरात मुक्कामी गाडीवर निघून गेले. पहिल्या अंकाच्या शेवटी दारावर थाप पडते, सून कडीकडे हात नेते, पडदा. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून आल्यावर चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "तिनं दार उघडलं का गं?" मी म्हटलं, "बघायला या." नाटक सोड, नोकरी बघ, असलं अवाक्षर नाही. बसच्या तिकिटांवर घर चालवणारा माणूस. त्याला काय पैशाची काळजी नव्हती?

बरं, पैसे नाहीत, मान्य. प्रायोगिक नाटकाला नाईट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, सोडाच, तालमीचा चहाही आपल्याच खिशातून. व्यावसायिकला नाईट मिळते, पण प्रयोग लागले तर. माझं घरभाडं निघतं डबिंगवर आणि पोरांच्या उन्हाळी शिबिरांवर. दुपारी बस, रात्री प्रयोग, पहाटे तीनला घर, कंबरेची वाट लागलीय. हे सगळं तिला मीच सांगेन, दादा. पण "नाटकाला भवितव्य नाही" हे म्हणतंय कोण? ज्याने शेवटचं तिकीट कधी काढलं ते त्यालाच आठवत नाही. आणि माझा प्रयोग लागला की ह्याचा फोन ठरलेला, "चार पास मिळतील का गं?"

एनएसडीला, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला, आधी पदवी लागते, हेही ऐकवलं त्याने. लागते. जिंकलास. पण नाटकातली पदवीही पदवीच असते ना रे?

कराड गेलं. जरा शांत झालेय.

दादा वाईट नाही. कोविडमध्ये नाट्यगृहं बंद होती तेव्हा माझं दोन महिन्यांचं भाडं त्यानेच भरलं आणि आजवर काढून दाखवलं नाही. तो भाडं भरताना जे बघत होता, तेच त्याला आता पोरीच्या बाबतीत दिसत असणार. भीती मलाही वाटते, अजून वाटते. तरीही पंगतीत? सगळ्यांसमोर?

तर पंगत गप्प झालेली. आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे, कानाला यंत्र. त्यांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "त्या सुनेनं शेवटी दार उघडलं का न्हाई गं?"

पोरगी फिसकन हसली. मीही. मी अजूनही सांगितलेलं नाही.

पुढच्या महिन्यात सांगलीला आमच्या नव्या नाटकाचा प्रयोग आहे. आप्पांचं तिकीट माझ्याकडून, खुर्चीवर बसायचं आणि मध्यंतरात उठायचं नाही. दादा, तू, वहिनी आणि पोरगी, तुमची तीन मी काढून ठेवते. पास नाहीत, तिकिटं. पैसे जीपे कर.