कळस, शेंडा आणि अपेक्स

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या आठवड्यात एका शब्दावरून चांगलंच वाजलं. भाची नागपूरला अकरावी सायन्सला आहे, तिने विचारलं की मावशी, अपेक्सला मराठीत काय म्हणतात, आणि मी काही लिहायच्या आत दोन पार्ट्या पडल्या. दादा म्हणे, "काहून डोकं खपवून राहिली, मराठीत शब्दच नाही त्याला." काका म्हणे नाही कसा, शिखर म्हणायचं, झालं. तिथून गाडी हिंदीसक्तीवर गेली (ते दोन जीआर सरकारने २९ जून २०२५ ला मागे घेतले तरी आमच्याकडे विषय संपलेला नाही), मग अभिजात दर्जावर, आणि शेवटी "तू तर रोमला बसली, तुला काय फरक पडते" यावर.

फरक पडतो, म्हणून लिहिते.

मी दातांची डॉक्टर, शिकले नागपूरलाच, आता इथे एका क्लिनिकमध्ये काम करते आणि हा शब्द दिवसातून दहादा तोंडात असतो. रूट कॅनल करताना अपेक्स लोकेटर लावतो, सुईसारखी बारीक फाइल मुळात उतरत जाते तसे बीप जवळजवळ येतात आणि मूळ संपलं की आवाज सलग होतो, ते मुळाचं टोक म्हणजे अपेक्स. खालच्या दाढेत हा अपेक्स मुळाच्या अगदी तळाला असतो, त्याला शिखर कसं म्हणणार? नागपूरला पेशंटला आम्ही सरळ सांगायचो, "आजी, मुळाच्या टोकाशी पू झालाय," आणि आजीला एका वाक्यात सगळं कळायचं. हृदयाचा अपेक्स पण असाच, खाली डावीकडे, पाचव्या-सहाव्या बरगडीच्या मधे ठोका लागतो तिथे. फुप्फुसाचा मात्र वर, गळपट्टीच्या हाडाच्याही थोडा वर.

म्हणजे मूळ अर्थ टोक. आणि त्याच्याही मागे गेलं तर ती एक वस्तू निघते. रोमन लोकांचे फ्लामेन नावाचे पुजारी असायचे, त्यांच्या घट्ट टोपीवर ऑलिव्हच्या लाकडाची काडी उभी असायची, लोकर गुंडाळलेली, तिला अपेक्स म्हणत. सुल्पिकियस नावाच्या एकाची टोपी बळी देताना डोक्यावरून घसरली आणि त्याचं पुजारीपणच गेलं, इतकं तिचं महत्त्व. इथे आरा पाचिस म्हणून संगमरवरी वेदी आहे, इसवीसनापूर्वी ९ मधे अर्पण केलेली, तिच्या भिंतीवरच्या मिरवणुकीत हे पुजारी कोरलेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्या टोप्यांवरच्या काड्यांकडे बघत कितीतरी वेळ उभी होते, कारण मला रामटेकच आठवलं. लहानपणी आजी गडमंदिराच्या पायथ्याशी थांबवायची आणि म्हणायची, आधी कळसाला हात जोड, मग चढ.

कळस. तो पण मुळात पाण्याचा घडाच ना, देवळाच्या माथ्यावर जाऊन बसला आणि सगळ्यात उंच जागेचं नावच झाला, मग पुढे "अन्यायाचा कळस" पण आपण म्हणायला लागलो. टोपीवरच्या काडीचं तिकडे जे झालं तेच घड्याचं आपल्याकडे झालं. एवढा सारखा प्रवास असलेला शब्द घरात असताना मराठीत शब्द नाही असं दादाने म्हणावं, हे मला लागलं. पण काकांचं पण पटत नाही, एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द चिकटवला की भाषा वाचली असं होत नाही. झाडाचा शेंडा, सुईचं टोक, डोंगराचा माथा, देवळाचा कळस, मुळाचं अग्र, आपल्याकडे हे सगळे वेगवेगळे आहेत, वेगळे ठेवूयात ना. शिखर बँक कुठली ते सगळ्या महाराष्ट्राला कळतं, तिथे शिखर शोभतं. पेंचचा वाघ अन्नसाखळीच्या शिखरावर, तेही ठीक.

आणि इथले लोक फार वेगळे आहेत असं समजू नका. लॅटिन ज्यांच्या अंगणातली, तेच ऑफिसात मीटिंग, कॉल, वीकेंड म्हणतात. नेत्यांच्या बैठकीला त्यांचा स्वतःचा वेर्तिचे हा शब्द आहे तरी पेपरात समिट पण छापतात, आणि समिट मुळात लॅटिन सुम्मुसमधून फ्रेंचमधे, तिथून इंग्रजीत जाऊन परत आलेला. २०२३ मधे तर परकी शब्द वापरले तर ५ हजार ते १ लाख युरो दंड असं विधेयक इथे मांडलं होतं. माझ्या क्लिनिकमधली रिसेप्शनची बाई तेव्हा चिडून म्हणाली, मुलाशी घरी मी काय बोलते ते कोण तपासणार? मला तिचं तंतोतंत पटलं. आमच्या ग्रुपवर एवढी भांडणं झाली पण अपेक्स म्हणजे काय हे त्या पोरीला मराठीत समजावून एकानेही सांगितलं नव्हतं.

मी रात्री व्हॉइस नोट पाठवली, आठ मिनिटांची, दात, हृदय, टोपी, सगळं. ती म्हणाली पेपर इंग्लिशमधेच आहे मावशी, अपेक्सच लिहीन, पण आता डायग्राम न पाहता काढता येते. मी डिसेंबरमधे येते आहे, तेव्हा तिला घेऊन अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी रामटेकच्या गडावर जायचं ठरलंय.