'कॅलिफोर्नियात गुलाम नव्हतेच' म्हणणाऱ्यांना उत्तर

गुलामांच्या वंशजांसाठी सरकारी विभाग स्थापण्याचा कायदा कॅलिफोर्नियाने ऑक्टोबर २०२५मध्ये केला. त्यावर एक आक्षेप फिरतो आहे: 'तिथे गुलामगिरी नव्हतीच. आता कोण कुणाचा वंशज, हे ठरणार कसं? ही तर कातडीचा रंग पाहून पैसे वाटायची सोय.'

१८४९च्या राज्यघटनेने गुलामगिरीला बंदी घातली, हे खरं. तरीही सोन्याच्या मागे आलेले अमेरिकेच्या दक्षिणेतले मालक गुलामांना सोबत आणत राहिले. १८५२मध्ये राज्याने कायदाच केला: राज्य होण्यापूर्वी आणलेला गुलाम पळाला, तर पकडून मालकाच्या हवाली करायचा. मालकाने इथे आणलेल्या बिडी मेसन या गुलाम स्त्रीची आणि तिच्या मुलींची सुटका व्हायला १८५६मध्ये लॉस एंजलिसच्या कोर्टाचा निकाल लागला. गोऱ्या माणसाविरुद्ध तिची साक्षही कायद्याला चालत नव्हती. न्यायाधीशांनी तिला आपल्या दालनात बोलावून विचारपूस केली.

वंशज ओळखणं अवघड आहे, हे मात्र मान्य. १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची यादी वेगळी असे: वर मालकाचं नाव, खाली वय, लिंग, रंग. गुलामाचं नाव सहसा नाहीच. यातली बहुतेक माणसं नावानिशी दिसतात ती थेट १८७०च्या जनगणनेत. त्याआधीचा माग काढायचा, तर १८६५ ते १८७२ चाललेल्या फ्रीडमेन्स ब्युरोचे (मुक्त झालेल्या गुलामांसाठीच्या सरकारी खात्याचे) मजुरीचे करार, लग्नाच्या नोंदी, मालकांची मृत्युपत्रं असं सगळं धुंडाळावं लागतं. एकट्यादुकट्या कुटुंबाला हे कसं झेपणार? म्हणून तर नव्या विभागात वंशावळीची स्वतंत्र शाखा आहे. ज्यांची नावं सरकारी दप्तराने लिहिलीच नाहीत, त्यांच्या पतवंडांकडे सरकारनेच पुरावा मागून हात झटकणं मला निर्दयपणाचं वाटतं.

रंगाचं म्हणाल, तर १९९६मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २०९ या तरतुदीमुळे राज्याला सरकारी नोकऱ्या, शिक्षण आणि कंत्राटांत वर्णावरून प्राधान्य देता येत नाही. इथला निकष वंशावळीचा आहे. अलीकडे नायजेरियातून आलेला कृष्णवर्णीय त्यात बसत नाही.

आणि पैसे? या कायद्याने कुणाला रोख भरपाई मिळत नाही. वर्णद्वेषातून बळकावलेल्या जमिनींच्या दाव्यांचं विधेयक तर राज्यपाल न्यूसम यांनी त्याच महिन्यात सही न करता परत पाठवलं. सरकारी तिजोरीतून भरपाई दिली गेली ती १८६२मध्ये, राजधानी वॉशिंग्टनमधले गुलाम मुक्त करताना: माणसामागे ३०० डॉलरपर्यंत, आणि तीही मालकांना.