'खरा वऱ्हाडी' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार 'खरा वऱ्हाडी',

नाव बाकी झकास घेतलंत. म्हणजे आम्ही उरलेले सगळे खोटे वऱ्हाडी, असंच ना? माझी चौथी पिढी आहे यवतमाळ जिल्ह्यात. पऱ्हाटी उपटताना हाताला कसे फोड येतात हे मला कोणाच्या प्रतिक्रियेतून शिकायचं नाही. असो, सुरुवातीलाच तोल जायला नको.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. गेल्या वर्षी वैशाखात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात एका माणसाचा बाप्तिस्मा झाला. एका बाजूने पास्टरांनी त्याला धरलं होतं, दुसऱ्या बाजूने मी. मदतीचा का होईना, माझा तो पहिलाच अनुभव, म्हणून वर्ष झाल्यावर लिहिलं. त्यावर या महाशयांचं म्हणणं असं: मे महिन्यात आमच्या नद्यांत वाळू असते, पाणी नसतं, म्हणजे पहिल्याच ओळीत तुम्ही खोटं बोललात. मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल वाचा. कायदा वाचा. त्याच्या बायकोला विचारलं होतं का? अख्ख्या लेखात तुमचेच हात, तुमचेच डोळे, तुमचंच रडणं, तो माणूस कुठाय? आणि शेवटी, ज्याच्यासाठी एवढा सगळा खटाटोप केला ते वाक्य: "एका डोक्यामागं किती मिळतात तुमाले?"

आधी नदीचं. तुमचं बरोबर आहे. नदी नव्हती. शेततळं होतं. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एका शेतकऱ्याने सरकारी योजनेत खोदलेलं आणि मग पदरच्या पैशाने आत काळं प्लास्टिक अंथरलेलं. पाणी कमरेएवढं उरलं होतं. वरचं चार बोटं पाणी सकाळी सातलाच कोमट, पायाशी मात्र गार. प्लास्टिकवर शेवाळ धरलं की ते साबणासारखं होतं, म्हणून काठावरच्या कडुनिंबाला दोर बांधून आम्ही तिघं एकामागे एक उतरलो. मी 'नदी' लिहिलं, कारण लिहिताना डोक्यात येशूच्या बाप्तिस्म्याची यार्देन नदी होती आणि शेततळं म्हटलं की ठिबकची सबसिडी आठवते. चूक झाली. दुरुस्त करतो.

पण त्यामुळे बाप्तिस्मा खोटा ठरत नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात रथातून जाणारा हबशी अधिकारी रस्त्याकडेला पाणी पाहतो आणि विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला हरकत काय? ते पाणी ओढ्याचं की डबक्याचं, हे तिथे लिहिलेलं नाही. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या मंडळीच्या एका छोट्या पुस्तिकेत तर सांगून ठेवलंय की वाहतं पाणी असेल तर उत्तम, नसेल तर दुसरं चालेल, गार नसेल तर कोमट, आणि दोन्ही नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओता. आमच्याकडे कोण बुडवतं, कोण शिंपडतं, हा घरातला जुना वाद आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात उत्तर भारतातल्या मंडळ्या एक झाल्या तेव्हा दोन्ही पद्धती चालतील असं ठरवूनच पुढे जावं लागलं. तेव्हा 'पाण्याचं नाटक' म्हणण्याआधी निदान कुठलं नाटक ते तरी ठरवा.

आता ते वाक्य.

डोक्यामागं. भाऊ, मी लहानपणी वडिलांसोबत बैलबाजारात गेलोय. तिथेसुद्धा 'जोडी' म्हणतात, 'डोकं' म्हणत नाहीत. दलालसुद्धा रुमालाखाली बोटं धरून भाव करतो, चारचौघांत ओरडत नाही. तुम्ही तीनशे-चारशे वाचकांसमोर एका माणसाचा भाव विचारलात. मला विचारलात असं तुम्हाला वाटलं असेल. खरं तर भाव त्याचा विचारला गेला, आणि आता तो स्मार्टफोन वापरतो. त्याचा पुतण्या त्याला वाचून दाखवतो. हे तुमच्या मनात आलं होतं का?

तरी उत्तर देतो, नाहीतर म्हणाल टाळलं. मला महिन्याला नऊ हजार मानधन मिळतं. मंडळीकडून. मोटरसायकलच्या पेट्रोलचे वेगळे, तेही दोन महिन्यांनी आणि पावत्या जोडल्या तर. बायको शिवणकाम करते म्हणून घर चालतं. बाप्तिस्म्यामागे एक पैसा नाही. पण तुमच्याआधी कोणीतरी काढीलच म्हणून मीच सांगतो, मासिक अहवालाच्या कागदावर 'बाप्तिस्मे' असा रकाना असतो. असतो. त्यात शून्य लिहायची मला अकरा वर्षांची सवय आहे. त्या महिन्यात एक लिहिला, आणि लिहून झाल्यावर पेन खाली ठेवून त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसलो. तेव्हा मनात काय होतं ते देवाला ठाऊक. पैसे नव्हते एवढं नक्की. बायबलमधला प्रेषित पौल करिंथ गावच्या मंडळीला लिहितो की क्रिस्प आणि गायस सोडून तुमच्यापैकी कोणाचा बाप्तिस्मा मी केला नाही हे बरं झालं, मग त्याला स्तेफनाचं घर आठवतं, आणि पुढे आणखी कोणाचा केला असेल तर आठवत नाही म्हणतो. एवढ्या मोठ्या माणसाचा हिशेबही असा होता.

आणि पोटासाठी धर्म बदलण्याबद्दल मला सांगूच नका. माझा पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळातला. बाप गेला, आई रस्त्यात गेली, सात वर्षांचं पोर मिशनच्या अनाथाश्रमात आणून टाकलं कोणीतरी. हो, तो ज्वारीसाठी ख्रिस्ती झाला. आमच्या घरात हे कधी लपवलं नाही. आजी पहिली भाकर उतरली की म्हणायची, "ह्या भाकरीनं आपल्याले वाचवलं." शाळेत पोरं मला 'भाकरीचा किरिस्ताव' म्हणायची तेव्हा मी मारामारी केली, पण घरी येऊन कधी विचारलं नाही की खरं का. खरंच होतं. ज्याला सातव्या वर्षी ज्वारी दिली त्याने सत्तराव्या वर्षीही उपासनेला जाताना धोतर स्वतः धुतलं, ते कोणत्या ज्वारीपायी, हे मात्र तुम्ही मला सांगा.

आता त्या माणसाला काय मिळालं ते ऐका. तो सालगडी, वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारा. बाप्तिस्म्याचं त्याने माझ्याकडे आदल्या दिवाळीतच काढलं होतं. मीच उतावीळ झालो, ख्रिसमसला घेऊ म्हणालो. तो म्हणाला, "नाई भाऊ, पाडव्यापर्यंत थांबा. सालाचा हिसाब होऊ द्या. मालकाचं देणं घेऊन पान्यात नाई उतरत मी." गुढीपाडव्याला हिशेब झाला, उचल फिटली, नवं साल ठरलं, मग वैशाखात तो शेततळ्यात उतरला. यंदाच्या पाडव्याला मालकाने बोलावलंच नाही. भांडण नाही, शिवीगाळ नाही, नुसतं बोलावलं नाही. आता तो रोजाने जातो. ज्या दिवशी काम त्या दिवशी पैसे.

आणि दुसरं. त्याची जात सांगत नाही, तुम्ही तर्क लावालच. अनुसूचित जातीतला आहे. १९५० च्या आदेशाप्रमाणे त्या सवलती हिंदूंना. १९५६ मध्ये शीख आले त्यात, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आजही नाहीत. म्हणजे पाण्यातून वर आलेल्या माणसाच्या हातातून काय काय सुटतं याची यादी सरकारनेच करून ठेवलीय. आमिष म्हणता ना तुम्ही? हे कसलं आमिष, ज्यात गळाला लागलेला मासाच पदरचं देऊन बसतो!

हुश्श. पाणी पिऊन आलो.

बाकीचे मुद्दे. नियोगी समिती: वाचलाय अहवाल. १९५४ ला नेमली, १९५६ ला अहवाल आला, तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती आणि न्यायमूर्ती नियोगी इथलेच. माझे वडील तेव्हा शाळेत होते, कंपाउंडात मोठी माणसं हळू आवाजात बोलायची एवढंच त्यांना आठवायचं. १९५६ हे साल विदर्भात तसंही फार गर्दीचं. अहवाल त्याच वर्षी, १४ ऑक्टोबरला दीक्षाभूमी त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यात गेलो तेही त्याच वर्षी. माणसाने धर्म बदलणं ही इथल्या मातीला नवी गोष्ट नाही, एवढं पुरे.

कायदा: १९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला माहीत आहे. धर्माचा प्रचार करता येतो, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. मान्य. मी कोणाचं धर्मांतर केलं नाही, एका माणसाचा दंड धरला. तुम्ही हसाल. हसा.

परदेशी पैसा वगैरे तुम्ही कंसात घातलंय, त्याला उत्तर देत नाही. हिस्लॉप नावाचा मिशनरी स्कॉटलंडहून नागपुरात आला, इथले दगड गोळा केले, गोंडांची गाणी उतरवून घेतली आणि १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पूर आलेल्या नाल्यात बुडून मेला. त्याला किती मिळाले ते नागपूरच्या कॉलेजवरची पाटी वाचून ठरवा.

राहिली बायको. हा प्रश्न तुम्ही का विचारलात ते मला कळत नाही. घरोघरी असं असतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई तिथे नव्हत्या. पुढे काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परत आल्या, त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांना आज सगळा महाराष्ट्र कवी म्हणून डोक्यावर घेतो, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नाही. मलाच का?

आणि बोललो नाही असंही नाही. आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. मान वर न करता तिने एवढंच विचारलं, "पोराच्या दाखल्याचं काय होईन?" पोरगा आठवीत. मी म्हटलं, प्रभू पाहून घेईल. तिने भाकर तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला, उलटली. पुढे काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शेततळ्याकडे पाठ करून शेळीचा दोर धरून उभी होती. मी लेखात 'काठावर त्याची पत्नी उभी होती' असं लिहिलं. खोटं आहे का ते?

'तो माणूस कुठाय' म्हणे. अहो, लेख माझा अनुभव होता, त्याचा नव्हता. शीर्षकातच लिहिलं होतं. स्वतःच्या अनुभवात स्वतःचे हात येणारच, शेजाऱ्याचे कुठून आणू? त्याला लिहिता येतं जेमतेम, त्याने लिहावं असं मी त्याला म्हटलंही नाही. तो काय बोलला ते मी गाळलं हे खरं. लिहिण्यासारखं नव्हतं म्हणून गाळलं.

तुम्हाला हवंच असेल तर घ्या. पास्टरांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने त्याला मागे झुकवलं, पाणी तोंडावरून गेलं, मी दंड धरून वर ओढला. काठावर मंडळी टाळ्या वाजवत होती, मी रडत होतो, ते लिहिलंच आहे. त्याने डोळ्यांतलं पाणी निपटलं, इकडे तिकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला ते हे: "माही चप्पल कुठी गेली?"

काठावर काढून ठेवलेली चप्पल प्लास्टिकवरून घसरत पाण्यात गेली होती. एक वर होती, एक मधोमध तरंगत होती. पास्टर म्हणाले राहू द्या, नवी घेऊ. तो म्हणाला, "पाडव्याले घेतली हाय, भाऊ." आम्ही तिघं कमरेएवढ्या पाण्यात, हात पुरेना, पाय टिकेना. शेवटी त्याची बायको वळली. शेळी कडुनिंबाला बांधली, कुंपणातली बोरीची फांदी उपसून आणली, काट्यांकडच्या बाजूने चप्पल ओढून काढली आणि त्याच्या पुढ्यात टाकली. शेळी सोडली आणि घराकडे निघाली.

हे लेखात नव्हतं. आता आहे. नदीचं शेततळं करून मूळ लेख उद्या दुरुस्त करतो. तुमची पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावानिशी लिहाल तर ठेवीन, नाहीतर काढून टाकीन.