जिगचा वाक्यात उपयोग करा

संध्याकाळी सात ते नऊ आमच्या घरी पाहुणा आला तर मी त्याला दारातच सांगतो की बाबा जेवायलाच ये, आत्ता नको, कारण पोरगी चौथीला आहे, इंग्लिश मीडियमला आहे आणि आत ‘मेक सेंटेन्सेस’ चालू आहे. आमच्या वेळी पण वाक्यात उपयोग करा असायचं की, पण आम्ही ‘गुरुजींनी फळ्यावर अमुक हा शब्द लिहिला’ एवढं एकच वाक्य पाठ केलेलं, त्यात हत्ती टाका नाहीतर दुष्काळ टाका, मार्क मिळायचे. आताच्या मिस हुशार आहेत. त्यांनी वहीवर लाल पेनानं आधीच लिहून दिलंय, सेंटेन्स तुमच्या ओन लाइफमधलं पाहिजे.

आणि शब्द काय, तर जिग.

मोबाईलवर अर्थ बघितला, उड्या मारत जोशात करायचा नाच, आयर्लंड-इंग्लंडकडचा. आता छत्रपती संभाजीनगरात माझ्या ओन लाइफमधे आयर्लंड कुठून आणू? बायको भाकरी थापता थापता म्हणली, नाचाचाच शब्द द्यायचा होता तर फुगडी द्यायची, वहीभर वाक्यं दिली असती मी. हे मात्र एकदम बरोबर आहे, पण मिसला कोण सांगणार.

तेवढ्यात शेजारचे अण्णा आले. अण्णा मूळचे लातूरकडचे, वाळूज एमआयडीसीत टूलरूमला आहेत. “काय करायलात भाऊ?” म्हणले. जिग म्हणताच खुर्ची ओढून बसलेच. “जिग म्हाईत नाही तुमाला? आमी ईळभर तेच करताव की!” पोरीचे डोळे एवढे मोठे झाले, म्हणजे अण्णा कंपनीत दिवसभर नाचतात. मग अण्णांनी तिची चार रेघी वही ओढून मागच्या पानावर चित्रच काढलं, हा जॉब, म्हणजे भोक पाडायचा तुकडा, ही जिग, हा तिच्यातला बुश, म्हणजे छोटी नळी, ह्या बुशातून ड्रिल खाली उतरतंय, म्हणजे हजार जॉब काढले तरी भोक जिथल्या तिथं. फिक्स्चर नुसतं जॉब धरून ठेवतंय, जिग ड्रिलला वाट बी दाखवती, हा फरक त्यांनी दोनदा सांगितला आणि मला पहिल्यांदाच नीट कळला, पण सेंटेन्स काही निघालं नाही. ‘माय अंकल पुट जिग ऑन द ड्रिलिंग मशीन’ असं अण्णांनी सुचवलं. नाचाच्या धड्याखाली ते वाचून मिस ड्रिल मशीनवर कुणाला नाचताना बघणार होत्या कोण जाणे.

मग व्हिडिओ लावला. ते आयरिश लोक दोन्ही हात अंगाला चिकटवून, बँकेच्या लायनीत उभं राहिल्यासारखे ताठ, आणि खाली पाय मात्र येडे झालेले. आपल्या वरातीत नेमकं उलटं, पाय जागच्या जागी आणि हात आभाळात. आई तोवर जपमाळ ठेवून ऐकायला लागली होती, मांडीवर बोटं वाजवत म्हणली, अरे हा तर दादरा, धा धी ना, धा तू ना. आणि खरंच की, तीन-तीनचे दोन घास, सहाचा हिशोब. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याच्या शेजारी बसून बसून आईचे कान तयार झालेत, आयर्लंड तिला काही लांबचं वाटलं नाही.

मी आता जोरात होतो. अजून खाली वाचलं तर शेक्सपियरच्या काळात लंडनला नाटक संपलं की वर ही जिग व्हायची, नाचगाण्याचा चावट फार्स, लोक त्यालाच जास्त गर्दी करायचे, गर्दीत खिसेकापू घुसायचे, मारामाऱ्या व्हायच्या, शेवटी 1612 मधे तिथल्या मॅजिस्ट्रेटांनी ऑर्डर काढून ते बंद करायला लावलं. म्हणजे आपल्याकडं दहा वाजले की पोलिसांची गाडी येऊन डीजेची वायर काढायला लावते, तसलंच, फक्त चारशे वर्षं आधी. मी हे सगळं पोरीला रंगात येऊन सांगत होतो.

“पप्पा, सेंटेन्स.”

आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडापासून आरोळी आली, नळ आलाऽऽऽ!

ज्यांच्याकडं रोज पाणी येतं त्यांना हे कळायचं नाही. जायकवाडी भरलेलं असो का आटलेलं, आमच्या नळाचा वार ठरलेला नसतो आणि टाइम तर नसतोच. मी नेमका आंघोळीच्या तयारीत टॉवेलवर होतो (आमच्याकडं पाणी नसलं तरी तयारी असते), तसाच पळालो, मोटर लावली, पाइप हौदात टाकला तर तो उडून बाहेर, तो धरावा तर ड्रम वाहायला लागलेला, एका पायावर ड्रमकडं, दुसऱ्या पायावर कळशीकडं, वरून बायको ओरडायली, “अहो टाकीचा कॉक कामून बंद ठेवला!” मधेच शेवाळावर पाय सटकला तो एक वेगळा गिरका. पोरगी पायरीवर वही घेऊन शांत बसली होती आणि पेन्सिल चालू होती.

वही तपासून आली. ‘व्हेन वॉटर केम माय फादर डान्स्ड अ जिग इन टॉवेल.’ मिसनी लाल पेनानं टॉवेलच्या आधी एक ‘अ’ घातलाय, बाकी गुड आणि स्टार. सगळ्या वर्गात वाचून पण दाखवलं म्हणे, पालकसभा शनिवारी आहे.

पुढचा शब्द आलाय, वॉल्ट्झ. हा नाच जोडीनं करायचा असतो असं मी बायकोला सांगितलं, तर ती म्हणली अण्णांना विचारा.