पालिकेच्या पगारावरचा बर्गमन

बालगंधर्व रंगमंदिर पाडायचं की त्याची डागडुजी करायची, आणि मराठी सिनेमाला मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळचा खेळ का मिळत नाही, हे दोन वाद आपल्याकडे वेगवेगळे चालतात. स्वीडनमधून पाहिलं तर ते एकाच गोष्टीवर येऊन थांबतात. दोन्हीकडे चर्चा इमारतीची, नटांची नाही.

स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनचं नाव निघालं की आपले रसिक लगेच देव, मृत्यू, मौन यांवर घसरतात. पण 1952 ते 1958 हा गृहस्थ माल्म्यो शहराच्या नगर रंगभूमीवर नोकरीला होता. मॅक्स फॉन सिडो, बीबी आंदेरसोन, गुनेल लिंडब्लूम हे त्याच्या सिनेमांतले नट तिथलेच. हिवाळाभर तालमी आणि प्रयोग. उन्हाळ्यात नाट्यगृह बंद झालं की हीच मंडळी कॅमेऱ्यासमोर. त्याचा ‘द सेव्हन्थ सील’ हा सिनेमा 1956 च्या उन्हाळ्यात 35 दिवसांत उरकला. स्टुडिओत पाऊल टाकण्याआधीच नटांचे सूर जुळलेले, मग वेळ कशाला लागतो?

त्यातलं शेवटचं ते टेकडीवरचं मृत्यूनृत्य बघा. दिवसाचं काम संपलं होतं, बरेच नट निघून गेले होते, आणि आकाशात अचानक हवा तसा ढग आला. बर्गमननं इलेक्ट्रिशियन, मेकअपवाला आणि दोन पर्यटक यांना कपडे चढवून नाचवलं. लांबून सगळे काळेच दिसतात.

आपल्याकडे पालिका नाट्यगृह बांधते, भाडं घेते आणि एसी बंद पडला की शिव्या खाते. नट नाइटवर, म्हणजे दर प्रयोगाच्या मानधनावर जगतो, दिवसा मालिका करतो. मग सिनेमाच्या निम्म्या ताकदीचा चुराडा तारखा जुळवण्यात होतो. सरकारी अनुदानही सिनेमा पुरा झाल्यावर, ‘अ’ की ‘ब’ दर्जा ठरवून.

स्वीडननं 1963 मध्ये करमणूक कर काढून तिकिटावरचे 10 टक्के सिनेमांना मदत करणाऱ्या स्वीडिश फिल्म इन्स्टिट्यूटकडे वळवले, हेही शिकण्यासारखं आहे. मात्र बर्गमन त्याआधीच घडला होता. शिवाय एकाच टोळीची सावली नव्यांवर पडते. स्वीडिश दिग्दर्शक बू विडरबेरीनं 1962 मध्ये बर्गमनच्या सावलीबद्दल तक्रार केली होती: स्वीडिश सिनेमा सतत वर देवाकडे बघतो, आजूबाजूच्या माणसांकडे नाही. तक्रार रास्तच होती.

तरी एखाद्या महापालिकेनं पंधरा नटांना वर्षभराचा पगार देऊन पाहावा. महासभेत पहिला प्रश्न काय येईल, तेही ठाऊक आहे: कोणाचे नट?