हसून दाखवलं म्हणजे अर्धांगवायू नाही?

‘माणूस अचानक पडला तर त्याला हसायला सांगा. सरळ हसला तर काळजी नाही. तोंड वाकडं झालं तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, जागेवर बरा होईल.’ या आशयाचा संदेश घरोघरच्या ग्रुपवर कित्येक वर्षं फिरतो आहे. पुढे रुग्ण घरी आला की भेटायला येणारे भर घालतात: टीव्ही बघताना छान हसतो, सांगितलं की हसत नाही, म्हणजे नाटक, सारखा रडतो, म्हणजे खचला.

सुईचं आधी संपवू. बोटातून रक्त काढल्याने अर्धांगवायूचा झटका आणणारी मेंदूतली रक्ताची गुठळी हलत नाही. ती विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, आणि मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तेच जिवावर बेततं. म्हणून आधी सीटी स्कॅन लागतो. घरच्या घरी ॲस्पिरिनही देऊ नका. 108 ला फोन करा आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा.

‘सरळ हसला तर काळजी नाही’ हे वाक्य मला सुईपेक्षाही घातक वाटतं, कारण ते अर्धं खरं आहे. तोंड एका बाजूला ओढलं जाणं ही धोक्याची खूण आहेच. पण ती नसली म्हणून झटका नाही, असं होत नाही. मेंदूच्या मागच्या भागात झटका आला तर चेहरा सरळ राहूनही माणसाचा अचानक तोल जातो, एकाचे दोन दिसतात, गरगरतं. हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं हेही बघायला हवं. आणि ‘कपाळाला आठ्या पडतात, मग लकवा कसला?’ असं म्हणून थांबू नका. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून आज्ञा मिळतात, त्यामुळे झटक्यात ते बहुधा शाबूत राहतात. चेहऱ्याची नसच सुजली, तर मात्र कपाळासकट अख्खी बाजू लुळी पडते आणि डोळाही नीट मिटत नाही.

आता नाटकाचा आरोप. सांगितल्यावर हसणं आणि आतून हसू येणं या दोन्हींना चेहऱ्याचे स्नायू तेच लागतात, पण आज्ञा वेगवेगळ्या वाटांनी येते. ‘दात दाखवा’ म्हटल्यावरची आज्ञा मेंदूच्या पृष्ठभागावरच्या हालचालींच्या पट्ट्यातून निघते. नातवाच्या बोबड्या बोलाने फुटणारं हसू मेंदूच्या आतल्या बाजूच्या, भावनांशी जोडलेल्या भागांतून येतं. पहिली वाट तुटली तर डॉक्टरांसमोर तोंड वाकडं, आणि नातवासमोर दोन्ही गाल वर. दुसरी तुटली तर उलट: सांगितलं की सरळ हसतो, पण मनापासून हसताना अर्धा चेहरा मागे राहतो. म्हणजे फक्त ‘हस बघू’ म्हणून केलेल्या चाचणीत हा दुसरा रुग्ण सहज सुटू शकतो.

1926 मध्ये फ्वा, शाव्हानी आणि मारी या फ्रेंच डॉक्टरांनी याचं टोकाचं रूप मांडलं. मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या विशिष्ट भागाला इजा झालेल्या अशा रुग्णाला सांगून तोंड उघडता येत नाही, जीभ बाहेर काढता येत नाही. पण जांभई येते, हसू येतं, रडू येतं. अशा माणसाला ‘मनावर घेतलं तर जमेल’ म्हणणं अन्याय आहे. तो मनावर घेतोच आहे; मनाची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचत नाही.

राहिलं रडणं. झटक्यानंतर काहींना क्षुल्लक कारणाने हुंदके फुटतात किंवा भलत्या वेळी हसू येतं. ते थोड्या वेळात ओसरतं आणि विचारलं तर दुःख तेवढं नसतं. हा भावनांवरचा ताबा सुटण्याचा त्रास आहे. नैराश्य वेगळं, तेही झटक्यानंतर पुष्कळांना येतं, आणि काहींना दोन्ही असतं. निदान डॉक्टरांकडूनच करून घ्या, कारण दोन्हींवर औषधं आहेत. याच्या उलट, मेंदूच्या उजव्या भागात झटका आलेल्या काहींचा चेहरा आणि आवाज सपाट होतो. घरच्यांना वाटतं, माया आटली. अशा वेळी चेहरा वाचत बसू नका. कसं वाटतंय ते त्यांनाच विचारा आणि सांगतील त्यावर विश्वास ठेवा.